श्रेष्ठ कोण? : गुणमोजणीच्या पुजाऱ्यांस उत्तर

बास्केटबॉलच्या खेळांत आजवर होऊन गेलेल्या सर्व खेळाडूंमध्यें श्रेष्ठ कोण, हा वाद अमेरिकेंत गेलीं कित्येक वर्षें अखंड धुमसत आहे. न्हाव्याच्या दुकानापासून विद्यापीठाच्या वसतिगृहापर्यंत आणि वर्तमानपत्राच्या कचेरीपासून दूरचित्रवाणीच्या पडद्यापर्यंत या वादानें एकहि जागा मोकळी ठेविलेली नाहीं; आणि समुद्र ओलांडून तो आतां आपल्या तरुण मंडळींच्याहि तोंडीं येऊन बसला आहे. वादास आमची हरकत नाहीं. ज्या समाजानें बालगंधर्व कीं केशवराव भोसले या प्रश्नावर रात्रीच्या रात्री जागविल्या, आणि पुढें गावसकर कीं तेंडुलकर या प्रश्नावर जेवणाचीं पानें थंड होऊं दिलीं, त्यानें दुसऱ्याच्या असल्या वेडास हंसावें हें शोभत नाहीं. आमची हरकत आहे ती वाद ज्या रीतीनें चालविला जातो त्या रीतीस.

ती रीत अशी. प्रथम सर्व इतिहास पुसून टाकावयाचा आणि मायकेल जॉर्डन व लेब्रॉन जेम्स हीं दोनच नांवें पाटीवर ठेवावयाचीं. मग एकानें म्हणावयाचें, जॉर्डननें शिकागोच्या संघास १९९१ ते १९९३ आणि १९९६ ते १९९८ अशीं सहा विजेतेपदें मिळवून दिलीं, सहा अंतिम मालिकांपैकीं एकहि गमावली नाहीं, दहा हंगामांत गुणांच्या सरासरींत पहिला क्रमांक पटकाविला. तेव्हां वाद संपला. दुसऱ्यानें म्हणावयाचें, जेम्स दहा वेळां अंतिम मालिकेंत पोंचला, तीन निरनिराळ्या संघांस त्यानें विजेतेपद मिळवून दिलें, २०१६ मध्यें हंगामांत ७३ सामने जिंकणाऱ्या गोल्डन स्टेट संघाविरुद्ध एक विजय व तीन पराभव अशा अवस्थेंतून मालिका खेंचून आणली, ७ फेब्रुवारी २०२३ रोजीं करीम अब्दुल-जब्बार याचा ३८,३८७ गुणांचा उच्चांक मोडला आणि पुढच्याच वर्षीं चाळीस हजारांचा टप्पा ओलांडला. तेव्हां वाद संपला. वाद अर्थात् संपत नाहीं. जणूं काय १८९१ च्या डिसेंबरांत स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ यांनीं सज्जाच्या कठड्यास पीच फळांच्या टोपल्या ठोकल्या तेव्हांपासून जॉर्डन शिकागोस येईपर्यंत, म्हणजे १९८४ पर्यंत, या खेळांत कोणी मनुष्य जन्मलाच नव्हता!

हे दोघेहि असामान्य खेळाडू आहेत, आणि त्यांच्या पराक्रमास रतिभरहि उणेपणा आणण्याची आमची इच्छा नाहीं. परंतु आमचें म्हणणें आरंभींच स्पष्ट सांगून टाकतों : अमेरिकेंतील पुरुषांच्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्यें सर्वश्रेष्ठ खेळाडू कोणी असेल तर तो बॉस्टन सेल्टिक्स संघाचा बिल रसेल होय. त्याचें नांव आज या वादांत केवळ उपचारापुरतें घेतलें जातें, आणि तेंच या वादाच्या सदोषपणाचें पहिलें प्रमाण आहे.

प्रथम मापाचा प्रश्न घेऊं. जॉर्डनचे अभिमानी जेम्सपुढें "सहा विरुद्ध चार" असें मोठ्या आवेशानें म्हणतात. विजेतेपदांची संख्या हेंच माप असेल तर रसेलचीं विजेतेपदें अकरा आहेत. १९५७ ते १९६९ या तेरा हंगामांत १९५८ व १९६७ हीं दोन वर्षें तेवढीं त्याच्या हातून निसटलीं, आणि १९५९ ते १९६६ पर्यंत तर ओळीनें आठ वेळां विजेतेपद त्याच्याच संघाकडे राहिलें. हा आंकडा पुढें येतांच तेच अभिमानी म्हणूं लागतात, "विजेतेपदें हा संघाचा पराक्रम, एकट्याचा गुण पाहावयास पाहिजे." बरें, एकट्याचे गुण पाहूं. २ मार्च १९६२ रोजीं हर्शी या गांवीं विल्ट चेंबरलेन यानें एका सामन्यांत शंभर गुण केले, आणि त्या संबंध हंगामांत दर सामन्यास ५०.४ गुणांची सरासरी राखली. जॉर्डनची सर्व कारकीर्दीची सरासरी तिसांच्या किंचित् वर आहे. मग चेंबरलेन यास सिंहासन द्यावें, तर उत्तर येतें, "पण त्यानें विजेतेपदें दोनच मिळविलीं!" म्हणजे रसेल आला कीं गुण मोजावयाचे, चेंबरलेन आला कीं विजेतेपदें मोजावयाचीं, आणि जेम्स आला कीं पुन्हां विजेतेपदेंच. जेम्सचे भक्तहि या बाबतींत मागें नाहींत. ते एकूण गुणांची बेरीज दाखवितात, आणि पराभूत झालेल्या सहा अंतिम मालिकांचा विषय निघाला कीं सोबत्यांच्या दुबळेपणाचें गाऱ्हाणें गातात. कापड विकतांना एक गज आणि विकत घेतांना दुसरा गज वापरणाऱ्या दुकानदारास आपण काय म्हणतों, हें वाचकांस सांगावयास नको.

मराठींत 'गुण' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. परीक्षेंत मिळतात तेहि गुण, आणि मनुष्याच्या अंगीं वसतात तेहि गुण. हे दोन अर्थ एकच आहेत अशी समजूत ज्या घरांत झाली, त्या घरांतील मुलांची काय दशा होते हें आपण नित्य पाहतों. बास्केटबॉलच्या या वादांत नेमका हाच घोटाळा झाला आहे. फळ्यावर किती गुण चढले यावरून खेळाडूच्या अंगीं किती गुण होते हें ठरविलें जात आहे.

मग खरें माप कोणतें? खेळ पांच जणांचा आहे, आणि त्याचा हेतु समोरच्या पांचांवर विजय मिळविणें हा आहे. म्हणून एका खेळाडूच्या अस्तित्वानें त्याच्या पांचांचा विजय किती जवळ आला, हेंच त्याच्या श्रेष्ठत्वाचें माप होऊं शकतें. येथें केवळ विजेतेपदांची यादी मोजून भागणार नाहीं, हें आम्ही जाणतों. तसें असतें तर सात विजेतेपदें पदरीं असलेला रॉबर्ट हॉरी जॉर्डनच्या वर बसला असता, आणि हॉरी स्वतःदेखील तसा हक्क सांगणार नाहीं. पाहावयाचें तें हें कीं, तो येण्यापूर्वीं संघ कोठें होता, तो असतांना कोठें गेला, आणि तो गेल्यावर कोठें आला.

या कसोटीस रसेल यास लावून पाहा. तो येण्यापूर्वीं बॉस्टनकडे बॉब कूझी होता, बिल शर्मन होता. चेंडू टोपलींत टाकणाऱ्यांची तेथें वाण नव्हती. तरीहि त्या संघानें विजेतेपद तर राहोच, अंतिम मालिकाहि कधीं पाहिली नव्हती. १९५६ च्या अखेरीस रसेल मेलबर्न येथील ऑलिंपिक सुवर्णपदक घेऊन परतला व संघांत दाखल झाला, आणि त्याच हंगामांत बॉस्टननें पहिलें विजेतेपद मिळविलें. पुढें शर्मन १९६१ मध्यें गेला, कूझी १९६३ मध्यें गेला, गडी बदलत गेले. विजय मात्र बदलला नाहीं. अकराहि विजेतेपदांत कायम असलेला खेळाडू एकच, आणि तो रसेल. त्याच्या अखेरच्या हंगामांत संघानें ४८ सामने जिंकले व ३४ गमावले. तो निवृत्त झाल्यावर पुढच्याच हंगामांत ३४ जिंकले व ४८ गमावले. आंकडे जणूं आरशांत पाहिल्यासारखे उलटे झाले. सॅम जोन्स हाहि त्याच वर्षीं निवृत्त झाला होता, हें सांगणें न्यायाचें आहे. पण एवढ्यानें तो उत्पात समजावून सांगतां येत नाहीं. याच्या शेजारीं शिकागोचा हिशेब ठेवा. जॉर्डन असतांना १९९२-९३ मध्यें त्या संघानें ५७ सामने जिंकले. तो बेसबॉल खेळावयास गेला त्या १९९३-९४ च्या हंगामांत ५५ जिंकले. विजेतेपद त्याच्यावांचून आलें नाहीं, हें खरें, आणि तो परतल्यावर एका हंगामांत ७२ विजय मिळाले, हेंहि खरें. तथापि जॉर्डन गेला तेव्हां घराचा कळस उतरला. रसेल गेला तेव्हां घराची तुळई निघाली.

आतां रसेल नेमकें करी तरी काय? त्याच्या कारकीर्दींत दर सामन्यास गुणांची सरासरी अवघी पंधरा. म्हणूनच गुणमोजे त्याच्याकडे पाहून नाक मुरडतात. त्यानें केलें तें असें कीं, बचाव ही कला आहे, व ती कला सामने जिंकूं शकते, हें त्यानें सर्व खेळास शिकविलें. त्यापूर्वीं बचाव करणाऱ्यानें पाय जमिनीवर घट्ट रोंवून उभें राहावें असा पाठ असे. रसेल उडी मारून हवेंतच चेंडू अडवी. १९५६ मध्यें उंच उडींत सहा फूट नऊ इंचांपलीकडे गेलेला हा मनुष्य होता. शिवाय चेंडू अडविला कीं तो प्रेक्षकांत भिरकावून टाळ्या मिळविण्याचा मोह त्यास नसे, कारण बाहेर गेलेला चेंडू प्रतिपक्षासच परत मिळतो. तो चेंडू हलकेच आपल्या गड्याकडे वळवी, आणि प्रतिपक्ष मागें वळण्यापूर्वींच बॉस्टनचे गडी पलीकडच्या टोपलीपाशीं पोंचलेले असत. टोपलीवर आदळून परतलेले २१,६२० चेंडू त्यानें आपल्या कारकीर्दींत हस्तगत केले. म्हणजे तितक्या वेळां त्यानें स्वतः खेळाचा प्रवाह थांबविला अथवा वळविला.

परंतु त्यानें अडविलेले फटके किती? हा हिशेब कोणत्याहि वहींत सांपडणार नाहीं. कारण एन. बी. ए. या संघटनेनें अडविलेल्या फटक्यांची अधिकृत नोंद करण्यास १९७३-७४ च्या हंगामांत प्रारंभ केला, आणि रसेल १९६९ मध्येंच निवृत्त झाला होता. अंतिम मालिकेंतील सर्वोत्तम खेळाडूचा बहुमान, जो जॉर्डन यास सहा वेळां मिळाला म्हणून नित्य सांगितलें जातें, तोहि १९६९ मध्यें, म्हणजे रसेलच्या अगदीं शेवटच्या मालिकेच्या अखेरीस, प्रथम सुरू झाला. तेव्हां "जॉर्डनचे सहा आणि रसेलचे शून्य" असें म्हणणारानें, रेल्वे सुरू होण्यापूर्वींच्या मनुष्यानें आगगाडीचें एकहि तिकीट काढलें नाहीं म्हणून तो घरकोंबडा होता, असेंहि खुशाल म्हणावें! त्याच बहुमानास २००९ पासून बिल रसेल याचें नांव दिलेलें आहे, याचा तर या मंडळींस पुरता विसर पडलेला दिसतो.

ज्यांनीं त्याच्याशीं प्रत्यक्ष झुंज घेतली त्यांचें मत काय होतें, हेंहि पाहावें. १९६१-६२ चा हंगाम हा आंकड्यांच्या दृष्टीनें या खेळांतील सर्वांत नवलाचा हंगाम होय. चेंबरलेनची पन्नास गुणांची सरासरी त्याच हंगामांतील; आणि ऑस्कर रॉबर्टसन यानें गुण, परतलेले चेंडू व गड्यांस दिलेलीं साह्यें या तिन्हीं बाबतींत दुहेरी आंकड्याची सरासरी राखली तीहि त्याच हंगामांत. त्या वर्षीं सर्वांत मोलाचा खेळाडू कोण ठरला? बिल रसेल. आणि त्या काळीं ही निवड पत्रकार करीत नसत, तर खेळाडू स्वतः मत देऊन करीत. हा मान त्यास एकूण पांच वेळां मिळाला. पुढें १९८० मध्यें त्या खेळावर लिहिणाऱ्या पत्रकारांच्या संघटनेनेंहि एन. बी. ए. च्या इतिहासांतील सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणून त्याचीच निवड केली. त्यानंतर रसेलच्या पराक्रमांत कांहीं घट झाली नाहीं. घट झाली ती पाहणारांच्या आठवणींत.

आतां प्रतिपक्षाचे आक्षेप घेऊं. पहिला आक्षेप असा कीं, त्या वेळीं संघच आठ-नऊ होते. तेवढ्यांत जिंकणें सोपें. वरवर पाहतां हा आक्षेप बिनतोड वाटतो. परंतु नऊ संघ म्हणजे सर्व देशांतील निवडक शंभर-सव्वाशें खेळाडू नऊ ठिकाणीं एकवटलेले. ऐंशी सामन्यांचा हंगाम आणि प्रतिस्पर्धी आठ. म्हणजे प्रत्येकाशीं सरासरीनें दहा वेळां गांठ. चेंबरलेनसारखा सात फूट एक इंचाचा पर्वत वर्षांतून दोन वेळां भेटणें निराळें, आणि दहा-बारा वेळां भेटणें निराळें. त्या काळीं काळ्या वर्णाच्या खेळाडूंस प्रवेश पुरता मोकळा नव्हता व त्यामुळें स्पर्धा कांहींशी उणी होती, एवढें आम्ही मान्य करितों, एन. बी. ए. मध्यें पहिला काळा खेळाडू अर्ल लॉइड खेळला तो १९५० मध्यें. पण हा दोष त्या व्यवस्थेचा आहे. तिच्या बंद दारांचें खापर, ज्यानें तीं दारें ढकलून उघडलीं त्याच्याच डोक्यावर फोडणें, हा कोठचा न्याय?

दुसरा आक्षेप, त्याचे सोबती उत्तम होते. होतेच. परंतु जॉर्डनपाशीं स्कॉटी पिपेन नव्हता काय? १९९७ च्या अखेरच्या सामन्यांत निर्णायक फटका मारणारा स्टीव्ह कर कोण होता? एकट्याच्या बळावर हा खेळ आजवर कोणीं जिंकलेला नाहीं. शिवाय निर्णायक क्षणीं रसेल सोबत्यांच्या आड लपला असें एकहि उदाहरण नाहीं. सात सामन्यांची मालिका शेवटच्या सामन्यापर्यंत ताणली गेली, असें त्याच्या आयुष्यांत दहा वेळां झालें, आणि दहाहि वेळां तो जिंकला. १९६२ च्या अशाच सातव्या सामन्यांत त्यानें ३० गुण केले आणि परतलेले ४० चेंडू घेतले. गुण करतां येत नव्हते म्हणून तो करीत नसे असें नव्हे. गरज पडे तेव्हां तो करी.

तिसरा आक्षेप, आजच्या खेळाडूंपुढें तो टिकला नसता. हा आक्षेप ऐकून आम्हांस खरोखर हंसूं येतें. आजचा खेळाडू आज मिळणाऱ्या वैद्यांच्या, आहारतज्ज्ञांच्या आणि खास विमानांच्या खांद्यांवर उभा आहे. त्यास तेवढें सर्व द्यावयाचें आणि रसेल यास मात्र १९५७ च्या कापडी बुटांत उभें करावयाचें, ही तुलना नव्हे, ही थट्टा आहे. मनुष्याची उंची त्याच्या काळाच्या जमिनीपासून मोजावी लागते.

मग असा मनुष्य विस्मृतींत कां गेला? आमच्या मतें याचें कारण खेळांत नसून बाजारांत आहे. जॉर्डनच्या नांवाचे बूट १९८५ मध्यें विक्रीस आले. त्याचे सामने रंगीत चित्रांत सर्व जगानें पाहिले. २०२० मध्यें सर्व जग घरांत कोंडलें गेलें असतांना त्याच्यावरील दहा भागांचा माहितीपट घरोघर दिसला. रसेलच्या सामन्यांचीं चित्रें थोडीं, आणि तींहि धूसर. ज्याचें चित्र नाहीं त्याचें चरित्र नाहीं, असा आतां दंडकच पडूं पाहत आहे. आणि तो एकदां मान्य केला कीं बास्केटबॉलच काय, कोणत्याहि क्षेत्रांतील आपल्या पूर्वजांस आपण मुकणार, हें निश्चित.

रसेल कोणत्या परिस्थितींत खेळला हें सांगितल्यावांचून मात्र त्याच्या पराक्रमाचें मोल कळावयाचें नाहीं. १९६१ मध्यें लेक्झिंग्टन येथें प्रदर्शनीय सामन्यासाठीं गेलेल्या या विजेत्या संघांतील काळ्या खेळाडूंस हॉटेलांत खाणें देण्याचें नाकारण्यांत आलें. रसेल व त्याचे सोबती सामना न खेळतां परत फिरले. ज्या बॉस्टन परिसरास त्यानें विजेतेपदांची रास दिली, तेथेंच चोरट्यांनीं त्याचें घर फोडून भिंतींवर शिव्या खरडल्या आणि बिछान्यांत घाण केली. अशा स्थितींत १९६६ मध्यें तो एन. बी. ए. मधील पहिला काळा मुख्य प्रशिक्षक झाला, आणि खेळाडू व प्रशिक्षक अशा दुहेरी नात्यानें त्यानें १९६८ व १९६९ चीं विजेतेपदें मिळविलीं. १९७२ मध्यें त्याच्या क्रमांकाचा गौरव करावयाचा ठरला तेव्हां, प्रेक्षकांस आंत सोडण्यापूर्वीं रिकाम्या सभागृहांतच तो उरकावा, असा आग्रह त्यानें धरिला. १९११ मध्यें इंग्लंडांत शंभराहून अधिक गडी बाद करूनहि पुण्यामुंबईच्या हिंदु संघाचें नायकपद पाळवणकर बाळू यांस जातीमुळें नाकारलें गेलें, ही गोष्ट ज्या मराठी वाचकास ठाऊक आहे, त्यास त्या रिकाम्या सभागृहाचा अर्थ फोड करून सांगावा लागणार नाहीं. "मैदानाबाहेरच्या गोष्टी या वादांत कशाला?" असें विचारणारांस आमचें उत्तर असें कीं, त्यांचे आम्ही वेगळे गुण मागत नाहीं, पण सपाटीवर धांवणारा आणि पाठीवर धोंडा घेऊन चढण चढणारा हे एकाच वेळीं पोंचले, तर श्रेष्ठ कोण हें आपणच ठरवावें. येथें तर धोंडा वाहणाराच पुढें पोंचला आहे.

३१ जुलै २०२२ रोजीं रसेल वारला. त्यानंतर एन. बी. ए. नें त्याचा सहा हा क्रमांक सर्वच संघांतून कायमचा निवृत्त केला. हा मान त्या संघटनेनें तोंवर कोणासहि दिला नव्हता. ज्यांच्या अंगावर तो क्रमांक होता त्यांस तो ठेवण्याची मुभा असतांहि लेब्रॉन जेम्स यानें २०२३ मध्यें तो आपण होऊन उतरविला. भक्तांपेक्षां दैवताची समज कितीतरी अधिक, असेंच म्हणावें लागतें.

एवढ्यावरहि ज्यांचें समाधान होत नसेल त्यांनीं ५ मे १९६९ चें गुणपत्रक काढून पाहावें. लॉस एंजेलिस येथें अंतिम मालिकेचा सातवा सामना; यजमान संघांत चेंबरलेन, जेरी वेस्ट आणि एल्जिन बेलर असे तीन महारथी; विजयोत्सवासाठीं छतास फुगेहि आधींच बांधून ठेविलेले. बॉस्टनचा संघ वयानें थकलेला, आपल्या गटांत चौथ्या क्रमांकानें कसाबसा आलेला. वेस्ट यानें त्या दिवशीं ४२ गुण केले, आणि पराभूत संघांतला असूनहि मालिकेंतील सर्वोत्तम खेळाडूचा पहिला बहुमान त्यास मिळाला. रसेल यानें सहा गुण केले, आणि परतलेले २१ चेंडू घेतले. बॉस्टननें १०८ विरुद्ध १०६ असा सामना जिंकला. फुगे छतासच लटकत राहिले. त्या पत्रकांतील बेचाळीस आणि सहा हे आंकडे वाचून ज्यांस वेस्ट श्रेष्ठ वाटेल, त्यांच्याशीं आमचा वाद नाहीं; त्यांस हिशेब उत्तम येतो. खेळ कशासाठीं खेळतात हें तेवढें त्यांस अजून शिकावयाचें आहे.